उसातली ठिपकेदार पिल्लं: बिबट्याची की वाघाटीची?

प्रश्न (मोहोळ तालुका): तोड चालू असताना पाचटात दोन ठिपकेदार पिल्लं निघाली. टोळीने बिबट्याची समजून कोयते खाली ठेवले. पिल्लं उचलून घरी आणावीत का?

उत्तर: आणू नका. आधी आकार पाहा, तोही लांबूनच. बिबट्याचं पिल्लू जन्मतःच अर्ध्या किलोच्या आसपास असतं, पंजे जाडजूड. वाघाटी म्हणजे जंगली मांजरांची एक लहानशी जात; तिचं नवजात पिल्लू शंभर ग्रॅमच्याही आत, मुठीत मावेल एवढं. खात्री होत नसेल तर बिबट्याचंच समजून मागे सरा, कारण आई जवळच असते. दोन्ही वेळी वन विभागाला १९२६ वर कळवायचं.

वाघाटीचीच असतील तर तिथली तोड थांबवून चार-सहा सऱ्या उभ्या ठेवा. पिल्लं उन्हात उघडी पडली असतील तरच वन कर्मचारी हातमोजे घालून ती भाजीच्या क्रेटमध्ये, कोरड्या पाचटावर ठेवतात. पिल्लं जिथे सापडली तिथेच क्रेट सावलीत ठेवायचा आणि वरून उघडा. झाकण लावलं की आईला पिल्लू उचलता येत नाही. हीच चूक सर्रास होते. दिवस मावळायच्या आत सगळ्यांनी फड सोडावा, कुत्री बांधावीत, पाचट पेटवू नये. अंधार पडला की आई येते आणि एकेक पिल्लू मानेला धरून नेते. पहिल्या रात्री आली नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवतात. तोवर गाईचं दूध पाजू नका: पिल्लांना हगवण लागते, आणि बोंडल्याने पाजताना दूध फुफ्फुसात गेलं तर पिल्लू दगावतं.

प्रश्न (सोलापूर शहर): वाघाटी म्हणजे रानमांजरच ना? आपल्याकडे जंगल नाही, मग ती येते कुठून?

उत्तर: रानमांजर, म्हणजे बाऊल, वेगळं. ते उंच पायांचं, अंगाने मातकट, बिनठिपक्यांचं. शेपटीला टोकाकडे काळी वलयं. वाघाटी पाळीव मांजरापेक्षाही लहान, जेमतेम एक ते दीड किलोची. राखाडी अंगावर गंजाच्या रंगाचे ठिपके रांगेत, कपाळावरून मानेकडे जाणारे गडद पट्टे, शेपटी जवळपास साधी. जगात ती फक्त भारत, श्रीलंका आणि नेपाळात आहे.

‘जंगल नाही’ म्हणणं मात्र पटत नाही. कोरडं पानगळीचं रान, झुडपी माळ, दगडगोट्यांची टेकाडं हेच तर भारतात तिचं घर. माळ म्हणजे पडीक जमीन, हा सरकारी कागदावरचा शब्द. दिवसा ती झाडाच्या ढोलीत किंवा दगडाखाली पडून राहते, रात्री उंदीर, सरडे, बेडूक, लहान पाखरं धरते. उभ्या उसात उंदीर भरपूर, गारवा, माणसाची फारशी वर्दळ नाही. म्हणून ती तिथे वितेही. आणि नेमकी तेव्हा तोड येते.

प्रश्न (बार्शी): आई परत आलीच नाही, तर पिल्लू पाळता येईल?

उत्तर: नाही. वाघाटी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. पिल्लू वन विभागाकडेच सोपवा, आणि सापडलेली नेमकी जागा सांगा. जागा कळली नाही तर ते पुन्हा आईपर्यंत पोचवता येत नाही.