पहाडाजवळ गोडं, नदीजवळ खारं

प्रश्न : आमचं वावर दर्यापूर तालुक्यात, पूर्णा नदीपासून जवळच. विहिरीच्या पाण्याला ढोरंही तोंड लावत नाहीत. बहीण दिली आहे अंजनगावच्या वर, पहाडाच्या पायथ्याशी. एसटीनं तासाभराची वाट, पण तिच्याकडे संत्र्याचा बगीचा आणि पाणी गोडं. बोअरवाला म्हणतो, अजून खोल गेलो की गोडं पाणी लागेल. मारावा का बोअर?
– एक शेतकरी

उत्तर : भाऊ, बोअरवर पैसा घालू नका. खोल गेल्यावर बहुतेक अधिकच खारं पाणी लागतं. माझी सगळी नोकरी भूजल तपासण्यात गेली, त्या अनुभवावरून हे कळकळीनं सांगतो.

बहिणीच्या विहिरीजवळचा मलब्याचा ढीग एकदा बघा. डोक्याएवढे गुळगुळीत गोटे आणि मधे रेती. आता तुमच्या वावरात गोफणीपुरता खडा शोधा, सापडणार नाही. फरक इथेच आहे. चिखलदऱ्याचा पहाड १,१०० मीटरच्या वर, दर्यापूर ३०० मीटरच्याही खाली. शहानूर, चंद्रभागा या नद्या त्या उतारानं धावत येतात, पायथ्याशी उतार एकदम मोडतो आणि त्यांचा जोर जातो. जड गोटे तिथेच पडतात, पुढे रेती, आणि तुमच्यापर्यंत पोचते ती फक्त बारीक चिकण माती. गोट्यांमधून पावसाचं पाणी झटकन जिरतं आणि खालून वाहतं राहतं. (म्हणून पायथ्याच्या नाल्यांतली रेती उपसणं मनाला फार लागतं. संत्र्याचे बगीचे त्याच जिरवणीवर जगतात.)

पूर्णेचं खोरं मात्र सपाट. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मधे शेकडो मीटर जाड गाळ. त्यात पाणी पुढे सरकतच नाही म्हटलं तरी चालेल. उन्हानं ओल वर ओढली जाते, पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. हजारो वर्षं हेच चाललंय. अकोला, अमरावती, बुलढाण्यातली जवळपास ९०० गावं या खारपाणपट्ट्यात येतात.

ते पाणी पिकालाही देऊ नका. त्यातल्या सोडियमनं मातीचे कण सुटे होऊन बारीक छिद्रं बुजतात, जमीन चोपण होते, मग पावसाचं पाणीही आत शिरत नाही. तुमची काळी जमीन ओल मात्र छान धरते. पावसाळ्याच्या ओलीवर हरभरा येतो तो त्यामुळेच. म्हणून पावसाचं पाणी वरच अडवा. शेततळं घ्या, पण पसरट. फार खोल खोदलं तर खालचं खारं पाणी त्यात उतरतं. फुलोऱ्यात हरभऱ्याला एक पाणी मिळालं तरी उत्पन्नात फरक पडतो. जमीन आधीच चोपण झाली असेल तर अकोल्याच्या कृषी विद्यापीठात माती तपासून घ्या आणि अहवालात सांगितलं असेल तेवढंच जिप्सम टाका.