चारही ड्राइव्ह भरल्यात, जागा मॅनेज करायला कोणतं सॉफ्टवेअर वापरू?

तुम्ही विचारलंय की २५६ जीबीची एसएसडी, आत १ टीबीच्या दोन हार्ड डिस्क, बाहेरून लावायची २ टीबीची एक्सटर्नल, सगळ्यांच्या पट्ट्या लाल झाल्यात, तर चारही ड्राइव्ह एकदम स्कॅन करून नको ते आणि डबल असलेलं आपोआप उडवेल असं सॉफ्टवेअर सांगा. ते "आपोआप" वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहायला बसलोय.

आधी नाव घ्या. विझट्री. एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फॉरमॅट) ड्राइव्हवर फाइलींची जी मास्टर यादी असते, एमएफटी, तीच ते थेट वाचतं म्हणून अख्खी ड्राइव्ह काही सेकंदांत दाखवतं, फक्त अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. एक्सटर्नल एक्सफॅट (दुसरी एक फॉरमॅट) असेल तर तिथं ही युक्ती चालत नाही, वेळ लागतो, बंद पडलंय समजून मारू नका. सगळ्या ड्राइव्ह एकाच चित्रात बघायच्या असतील तर विनडिरस्टॅट, ते २००३ पासून आहे. ही दोन्ही जागा कुणी खाल्लीय ते दाखवतात, काय काढायचं ते तुम्हीच ठरवायचं, आणि ते तसंच बरं आहे. डुप्लिकेट शोधून आपोआप डिलीट करणारं सॉफ्टवेअर चार ड्राइव्ह जोडून चालवू नका. अजिबात नको.

का ते सांगतो. आमचा कराडला फोटो स्टुडिओ आहे, मी आणि माझा मावसभाऊ मिळून चालवतो. तो शूटिंग बघतो, एडिटिंग आणि अल्बम माझ्याकडे. एका लग्नाचे दोन कॅमेऱ्यांचे रॉ (कॅमेऱ्यातून निघालेले मूळ) फोटो आणि व्हिडिओ धरले तर ८०-९० जीबी सहज होतात. तेव्हा आमची पद्धत अशी होती की काम सगळं डी ड्राइव्हवर आणि त्याचीच कॉपी एफ नावाच्या एक्सटर्नलवर. मे २०१९, लगीनसराई जोरात, डीवर पुढच्या लग्नाचं कार्ड उतरवायला जागा नाही. मी सांगलीला अल्बम द्यायला गेलेलो आणि दुपारी दादाचा, म्हणजे त्या मावसभावाचा, फोन, एकदम खूश, "अरे ३८० जीबी मोकळी केली, एक सॉफ्टवेअर टाकलं, डबल फाइली सगळ्या काढल्या!" मी तिथंच विचारलं, दादा, एफ लावलेली होती का? तर म्हणे हो, दोन्ही लावूनच केलं, म्हणून तर एवढी जागा झाली.

आता बघा काय झालं असेल. बॅकअप म्हणजे डुप्लिकेटच असतं, ते तसं असावं म्हणूनच आपण ठेवतो. सॉफ्टवेअर फाइलचा हॅश, म्हणजे आतल्या डेटावरून निघणारा ओळखक्रमांक, काढतं, दोन्हीकडे सेम आला की जोडी लावतं, आणि जोडीतली एक ठेवून दुसरी काढतं. दादाने नियम लावला होता "जुन्या तारखेची ठेव", पण कॉपी केल्यावर मॉडिफाइड तारीख दोन्हीकडे तीच राहते, मग जी आधी सापडली ती राहिली आणि दुसरी गेली, कधी डीवरची कधी एफवरची. संध्याकाळी मी घरी न जाता सरळ स्टुडिओत आलो. हळदीचं फोल्डर उघडलं तर डीवर ०४१२, ०४१३, आणि पुढं एकदम ०४१७. मधले तीन एफवर. प्रत्येक फोल्डर असंच, कंगव्याचे दात पडल्यासारखं. फक्त मी लाइटरूममध्ये एडिट केलेले जे जेपीजी होते आणि ज्यांच्यात मेटाडेटा (फोटोबद्दलची माहिती) लिहिला गेला होता ते दोन्हीकडे राहिले, कारण ते बदलल्यामुळे हॅश जुळला नाही. रॉला आपण हात लावत नाही, बदल शेजारच्या एक्सएमपी फाइलमध्ये जातात, म्हणून रॉ तंतोतंत सेम होते आणि सगळे एकेकटे झाले.

मी म्हटलं नवीन ड्राइव्ह आणू आणि आजच सगळं परत दोन्हीकडे करू. दादा म्हणाला सीझन संपू दे, फाइल कुठंतरी आहे ना, मग झालं. सीझन संपला, गणपती आले, राहून गेलं. सप्टेंबरात डी अडकायला लागली, डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पिवळं कॉशन, करंट पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे भाग) वाढत चाललेले, आणि आठवड्यात ती दिसायचीच बंद झाली. पुण्याला एका रिकव्हरीवाल्याकडे दिली, थोडं आलं, बरंच नाही आलं. पुढच्या वर्षी एक मुलगी आली, तिची आजी गेली होती, भिंतीवर लावायला मोठा फोटो पायजे होता आणि आजीचा चांगला फोटो तिच्या लग्नात आम्हीच काढलेला. अल्बममध्ये तो छापलेला नव्हता. मी तिच्यासमोर बसून ते फोल्डर शोधलं. आजी पाटावर बसताना आहे, आजी उठताना आहे, मधला ओवाळतानाचा नाही. ती काही बोलली नाही, ठीक आहे म्हणाली आणि गेली. ते माझ्या अजून डोक्यातून जात नाही.

दादाचं आजही एकच म्हणणं, ड्राइव्ह मेली त्याला मी काय करू, हार्ड डिस्क कुणाचीही जाते. दादा, तू हे वाचत असशील तर एकदाच सांगतो, हार्ड डिस्क जाते हे मलाही माहितीय, ती जाते म्हणूनच एफ होती. नवीन ड्राइव्हचे चार-पाच हजार वाचवायला आपण दोन प्रतींची एक केली, डी नंतर गेली. नुकसान मे महिन्यात झालं, सप्टेंबरात फक्त दिसलं.

असो, तुमच्या सीबद्दल, म्हणजे बहुतेक त्या एसएसडीबद्दल, जिच्यावर विंडोज असतं. तिथं डुप्लिकेट नसतातच फारसे. विझट्री लावा, बहुतेक हायबरफिल डॉट सिस दिसेल, काही जीबींची असते, हायबरनेट बंद केलं की जाते (फास्ट स्टार्टअपही जातं, एसएसडीवर फारसं अडत नाही). व्हिडिओ एडिट करत असाल तर प्रीमियरचा मीडिया कॅशे बघा, तो मुद्दाम हलवला नाही तर सीवरच साठतो, आमच्याकडे ६० जीबी निघाला होता. विंडोजचं स्वतःचं विनएसएक्सएस फोल्डर अवाढव्य दिसलं तर घाबरू नका, हार्ड लिंकमुळे (एकाच फाइलला दोन ठिकाणी नावं) तेच तेच दोनदा मोजलं जातं, आणि हाताने तर त्यातलं काहीही काढू नका, डिस्क क्लीनअपला करू द्या. आणि एसएसडीवरून काही चुकून उडवलं तर ट्रिममुळे (उडवलेल्या फाइलची जागा एसएसडी स्वतःच पुसून टाकते) ते परत मिळायची आशा जवळपास नसते, हे पण धरून चला.

पार्टिशनच्या सॉफ्टवेअरने डीची जागा सीला जोडता येईल का असं कुणीतरी सुचवेलच. दुसऱ्या डिस्कवरची जागा विंडोजच्या सीला देता येत नाही. त्या दोन १ टीबी जोडून एक मोठी स्पॅन्ड ड्राइव्ह करता येते, पण मग दोनपैकी एक गेली की सगळं गेलं, त्यामुळे माझं मत नको.

तसं डुप्लिकेट फाइंडर हा प्रकारच वाईट असं नाही म्हणत. व्हॉट्सअ‍ॅपच्या फॉरवर्डचं फोल्डर मी स्वतः एका सॉफ्टवेअरने साफ करतो, पण एका वेळी एकच ड्राइव्ह, एक्सटर्नलची केबल काढून ठेवलेली, आणि परमनंट डिलीट नाही, रिसायकल बिनमध्ये. आमच्या वेळीही त्या सॉफ्टवेअरने सांगितलेलंच काम केलं, त्याला दोष देत नाही.

तुमच्या त्या २ टीबी एक्सटर्नलवर काय आहे ते तुम्ही लिहिलंच नाहीत. आतल्या दोन डिस्कची कॉपी आहे की वेगळाच डेटा आहे? ते आधी सांगा आणि तोपर्यंत ती काढून कपाटात ठेवा.