जळगावच्या उन्हाळ्यात टिकेल असा डेस्कटॉप कसा जोडावा? (ग्राफिक्स कार्ड नको, काम ऑफिसचं आणि थोडं फोटो एडिटिंग)

रायझन ५ ५६००जी प्रोसेसर (सीपीयू; ग्राफिक्स यातच असतं), बी५५० मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम आणि ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी. एवढं पुरे. १६ जीबीची एकच रॅम घेऊ नका. या चिपचं ग्राफिक्स रॅमवरच चालतं, एका कांडीवर ते बरंच मंदावतं. रॅमचे चार स्लॉट असतील तर सीपीयूपासून दुसरा आणि चौथा वापरा.

खरा पैसा कॅबिनेट आणि एसएमपीएसवर (वीज पुरवणारा डबा) घाला. पुढे जाळी असलेलं कॅबिनेट, पुढून हवा आत ओढणारे १२० मिमीचे दोन पंखे, मागून बाहेर फेकणारा एक. खोली ४२ अंशांवर गेली की खोली जितक्या अंशांनी वाढली, सीपीयूही जवळपास तितक्याच अंशांनी जास्त तापतो, आणि ९५ अंशांना तो स्वतःच वेग कमी करतो. एसएमपीएस ४५० वॅटचा, ब्राँझ दर्जाचा (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) चालेल, पण त्याची पूर्ण क्षमता ४० अंशांना सांगितलीय की २५ ला, हे बघून घ्या. स्वस्तातले इथेच मार खातात.

प्रोसेसरसोबत येणाऱ्या कूलरला (पंख्याला) उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावलेलीच असते, वर आणखी थापू नका. बोर्डावरचे प्लॅस्टिकचे ब्रॅकेट काढताना मागची पट्टी हाताने धरा, नाहीतर ती निसटते. चारही स्क्रू तिरपे, थोडेथोडे आवळा.

कॅबिनेट खोलीतल्या वाळ्याच्या कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, तुषार आत जातात. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर आधी अर्थिंग तपासा, यूपीएस त्यानंतर.