सोफ्यावर डोळा लागतो, पण स्वतःच्या गादीवर पडलं की धडधड सुरू होते. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की हॉलमध्ये टीव्ही बघताना सोफ्यावरच डुलकी लागते, पण बेडरूममध्ये पाठ टेकली की छाती धडधडते आणि ‘आजही झोप लागली नाही तर?’ हेच डोक्यात फिरत राहतं. दोन महिने असं चाललंय आणि सकाळी 7 ला नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतली पहिली पाळी गाठायची असते.

सोफ्यावर झोप लागते, म्हणजे तुमची झोप शाबूत आहे. इतक्या रात्री गादीवर तळमळत काढल्या की मेंदू गादी आणि जागरण यांची सांगड घालतो. ती मोडायची पद्धत मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी 1972 मध्ये मांडली आणि सीबीटी-आय या निद्रानाशावरच्या, विचार आणि सवयी बदलण्याच्या उपचारात ती आजही वापरतात.

डोळे मिटायला लागल्याशिवाय गादीवर जायचं नाही. नुसतं अंग दमलंय म्हणून जाऊ नका, दमणं वेगळं आणि झोप येणं वेगळं. पडल्यावर अंदाजे 15-20 मिनिटांत झोप लागली नाही, किंवा त्याआधीच धडधड सुरू झाली, तर सरळ उठा. घड्याळ बघायचं नाही. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि गजर साध्या घड्याळाचा लावा.

बहुतेकांचं फसतं ते उठण्यापाशी. सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात बाकीचे झोपलेले असतात, दिवा लावायची चोरी, मग माणूस तसाच पडून राहतो. म्हणून उठून कुठे बसायचं ते संध्याकाळीच ठरवा. स्वयंपाकघरात एक खुर्ची आणि मंद दिवा पुरे. नाशिकच्या थंडीत पांघरुणातून बाहेर यायला नको वाटतं, तेव्हा शाल आधीच खुर्चीवर टाकून ठेवा. लसूण सोला, कपड्यांच्या घड्या घाला. पेंग आली की परत गादीवर. पहिल्या काही रात्री अशा चार-पाच खेपाही होतील आणि दुसऱ्या दिवशी डोकं जड राहील. अनेकजण इथेच सोडून देतात, तुम्ही सोडू नका. सोफ्यावर मात्र लवंडायचं नाही. तिथली अर्ध्या तासाची डुलकी रात्रीच्या झोपेतून वजा होते.

आता वेळेचा हिशोब. एक आठवडा रोज सकाळी अंदाजाने लिहा, झोप किती झाली. समजा 10 ते 6 गादीवर असता आणि झोप साडेपाच तास होते. तर गादीवरचा वेळ 6 तासांवर आणा: रात्री 12 ते सकाळी 6. साडेपाच तासांच्या खाली कधीच जाऊ नका. आठवडाभरात या वेळेतला 85 टक्के भाग, म्हणजे सरासरी 306 मिनिटं झोपेत गेला, की झोपायची वेळ 15 मिनिटं अलीकडे घ्या. उठायची वेळ रविवारीही तीच. सकाळी मिसळीला जात असाल तर उत्तमच, उजेडात चालत जा. सुरुवातीला दिवसा पेंग वाढते, त्या दिवसांत मुंबई-आग्रा हायवेवर दुचाकी काढू नका आणि मशीनवर जपून राहा. अपस्माराचा किंवा बायपोलरचा त्रास असेल तर हा वेळ कमी करायचा भाग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

भीतीसाठी मला सगळ्यात उपयोगी वाटतं ते उलटं काम: दिवा बंद करून डोळे उघडे ठेवा आणि ‘थोडा वेळ जागंच राहायचंय’ असं ठरवा. झोप आणायची धडपडच माणसाला जागं ठेवते, ती सुटली की धडधड ओसरू लागते.

चहा दुपारी 2 नंतर बंद. त्यातलं कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात.

जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं, पायांत वळवळ किंवा सतत उदास वाटणं असेल तर आधी डॉक्टरांकडे जा. झोपेची गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. बोलायला कुणी हवं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आणि रात्री 2 वाजताही लावता येतो.