पुण्याहून नागपूरला परत यायचंय, पण आधी काय ठरवू?

प्रश्न : ताई नमस्कार. मी ३८ वर्षांची, माहेर मानेवाड्याचं. लग्नानंतर पुण्याला गेले, पंधरा वर्षं तिथेच, आणि गेल्या वर्षी आमचा म्युच्युअल डिव्होर्स झाला. मुलगी आठवीत आहे, मुलगा दुसरीत, दोघं सीबीएसईला. कस्टडी माझ्याकडे आहे, त्यांचे बाबा दुसऱ्या-चौथ्या शनिवारी भेटतात आणि मुलांचे १५ हजार देतात, वेळेवर देतात, खोटं कशाला बोलू. मी एका कंपनीत अकाउंट्सला, हातात ४८ हजार. त्यातले २४ वाकडच्या फ्लॅटच्या भाड्यात जातात नि ८ मुलाच्या पाळणाघरात, आणि तरी घरी पोचायला रोज साडेआठ होतात, पोरगा पेंगुळलेला असतो, मुलगी तोंड पाडून बसलेली. धंतोलीतल्या एका हॉस्पिटलमध्ये अकाउंट्सची नोकरी मिळतेय पण ३२ हजारच देतायत. आई-बाबा म्हणतात वरचा मजला रिकामाच आहे, ये. खाली दादा-वहिनी आणि त्यांची दोन मुलं. मुलगी म्हणते मी येणार नाही. शाळा आधी बघू की घर की नोकरी, काही सुचत नाही, आणि पगार १६ हजारांनी कमी घेणं म्हणजे वेडेपणा आहे असं ऑफिसमधले सगळे म्हणतात. (एक वाचक, पुणे)

उत्तर : नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. शाळा, घर, नोकरी या तिन्हीच्या आधी एक गोष्ट ठरवा, ती म्हणजे मुलाची दुपार. दुसरीतलं लेकरू दीड-दोनला शाळेतून सुटणार आणि तुम्ही सात-साडेसातला घरी येणार, मधले पाच तास तो कोणाजवळ असेल, जेवण कोण वाढेल, ताप आला तर डॉक्टरकडे कोण नेईल, याचं उत्तर एका माणसाच्या नावासकट द्या. तुमच्या पत्रात ते नाव नाहीये. आई-बाबा असं तुम्ही धरून चाललाय, पण त्यांना हे असं विचारलंय का? "ये गं" म्हणणं वेगळं आणि रोज, पुढची पाचेक वर्षं, एप्रिलच्या उन्हात व्हॅनपाशी उभं राहून नातवाला घरात घेणं वेगळं. आईचे गुडघे कसे आहेत, बाबांना दुपारी झोप लागते का, हे फोनवर कळत नाही. येऊन चार दिवस राहा आणि समोरासमोर बसून विचारा. ते हो म्हणाले तर बाकीचं त्याच्याभोवती लावता येतं: घर त्यांच्यापासून चालत जाता येईल इतकं जवळ, शाळा जिची व्हॅन त्या गल्लीत येते ती, आणि नोकरी जिथून सातपर्यंत परत येता येतं ती. धंतोली त्यात बसते, मानेवाडा रोडने तुकडोजी पुतळ्यावरून गाडीवर काही फार नाही. मिहान किंवा बुटीबोरीत पगार जास्त मिळाला तरी तुमच्या बाबतीत मी आत्ता तिकडे बघणार नाही, जाण्यायेण्यातच संध्याकाळ जाते आणि मग पुण्यात नि इथे फरक काय राहिला?

आता पैसे. ऑफिसमधले लोक फक्त पगार बघतायत. पुण्यात ४८ मधून भाडं आणि पाळणाघर गेलं की १६ उरतात. इथे ३२ मधून समजा १२ भाड्याला गेले आणि पाळणाघर लागलं नाही, तर २० उरतात, म्हणजे महिन्याला चार हजार जास्तच. वेडेपणा अजिबात नाही. पण एक खरं आहे, कमी पगारावर एकदा उतरलं की पुढची नोकरी त्याच आकड्यावरून बोलते, म्हणून राजीनामा द्यायच्या आधी आत्ताच्या कंपनीला एकदा विचारा की नागपूरहून काम करू देता का, अकाउंट्सचं बरंचसं काम घरून होतं आणि चांगला माणूस सोडायला कंपन्याही लगेच तयार नसतात. नाही म्हणाले तर हॉस्पिटलशी पीएफ, वार्षिक वाढ आणि मार्चएंडला किती वाजेपर्यंत थांबावं लागतं हे बोलून, लेखी घेऊन मगच हो म्हणा.

वरच्या मजल्याबद्दल स्पष्ट बोलते, राग मानू नका. तिथे राहू नका. पहिले दोन-तीन महिने ठीक, घर शोधेपर्यंत, पण ते घर आता वहिनीचंही आहे आणि चार मुलं, एक स्वयंपाकघर, कोणाचं दूध कोणी संपवलं, कोणाच्या मुलाला आजी जास्त लाडावते, यातून जे होतं ते मी इतक्या घरांतून पाहिलंय की आता मला त्याचं आश्चर्यही वाटत नाही. वहिनी वाईट असायची गरजच नसते. शिवाय तुमच्या मुलीला वडिलांच्या घरातून निघून आता मामाच्या घरात पाहुणी व्हायचंय, तेरा वर्षांच्या पोरीला ते फार लागतं. तिला स्वतःचं कपाट, स्वतःचं दार पाहिजे. दोन गल्ल्या सोडून भाड्याने घ्या, आई-बाबांना वाईट वाटेल, थोडे दिवस वाटेल.

घर बघताना सगळ्यात वरचा मजला स्वस्त मिळतो म्हणून भुलू नका, पंधरा वर्षं पुण्यात राहिल्यावर विसरायला झालं असेल, पण मे महिन्यात पारा ४५ ला जातो आणि स्लॅब रात्री दोनपर्यंत आग ओकत असतो. कूलर कुठे बसेल, त्याला पाणी कुठून येईल, उन्हाळ्यात नळ किती वेळ येतो, हे घरमालकाला नाही तर शेजारच्या बाईला विचारा. बेसा-हुडकेश्वरकडे नवीन फ्लॅट छान दिसतात, पण तिकडेही पाण्याचं आधी बघा. "मिस्टर काय करतात" हा प्रश्न प्रत्येक दारात येणार. डिव्होर्स झालाय, मी नोकरी करते, आई-बाबा पलीकडच्या गल्लीत राहतात, एवढं सरळ सांगा आणि ज्याचा चेहरा बदलेल त्याचं घर सोडून द्या, अशा मालकाकडे राहून रोज हिशेब द्यावे लागतात. करार तुमच्या नावाने, ११ महिन्यांचा असला तरी रजिस्टर केलेला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदवलेलाच असावा लागतो आणि नोंदवायची जबाबदारी मालकावर आहे. हाच कागद पुढे शाळेत, आधारचा पत्ता बदलायला, गॅसला, सगळीकडे लागतो.

मुलीच्या शाळेला मात्र वेळेचं बंधन आहे. सीबीएसईत नववीलाच बोर्डाचं रजिस्ट्रेशन होतं आणि दहावीला शाळा बदलायची तर बोर्डाची परवानगी काढावी लागते. म्हणजे यायचं तर या एप्रिलला नववीच्या सुरुवातीलाच, नाहीतर सरळ दहावी झाल्यावर. मधे अजिबात नको. बोर्डही बदलू नका, शाळा नवी, गाव नवं, त्यात पुस्तकंही नवी, एवढं एकदम कशाला टाकायचं तिच्यावर? आणि ती नाही म्हणतेय ते ऐका. नाताळच्या सुट्टीत तिला आणा, दोन-तीन शाळा तिला स्वतः बघू द्या, त्यातली एक तिला निवडू द्या. तिच्या मैत्रिणी, तिचा क्लास, तिची खोली, नेमकं काय सुटतंय म्हणून ती रडते ते विचारलंय का तिला? कदाचित फक्त बाबा लांब जाणार हीच भीती असेल. मुलाचं सोपं आहे. आठवीपर्यंत टीसी मागितली की मुख्याध्यापकांनी ती लगेच द्यायला हवी असं शिक्षण हक्क कायद्यात आहे, तरी अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

आता सगळ्यात नाजूक भाग. तुमच्या डिक्रीत, म्हणजे डिव्होर्सच्या कोर्टाच्या हुकुमात, शनिवारच्या भेटी लिहिल्यात, आणि सातशे किलोमीटरवरून दुसरा-चौथा शनिवार होणार नाही. आधी सामान हलवायचं आणि मग सांगायचं, असं कृपा करून करू नका. मुलांच्या वडिलांना आधी सांगा, व्हॉट्सॲपवर नाही, भेटून. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मुलांचा ताबा, खर्च, शिक्षण याबद्दलचा आदेश नंतरही बदलून मिळतो, अर्ज ज्या कोर्टाने डिक्री दिली तिथेच, म्हणजे तुमच्या बाबतीत पुण्याच्या फॅमिली कोर्टात. ते कबूल असतील तर दोघांच्या सहीची पुरसिस, म्हणजे आम्हाला हे मान्य आहे असं कोर्टाला लेखी निवेदन, दिली की काम पुष्कळ हलकं होतं. शनिवारांच्या बदल्यात दिवाळीची आणि उन्हाळ्याची अर्धी सुट्टी, आठवड्यात दोन ठरलेले व्हिडिओ कॉल, ते इथे येतील तेव्हा मुलं दिवसभर त्यांच्याकडे, असं काहीतरी द्या. अजनी-पुणे वंदे भारतने बारा तास लागतात, म्हणजे सोडायला-आणायला कोण जाणार आणि तिकीट कोणाचं हेही त्यात लिहा, पुढची निम्मी भांडणं याच दोन गोष्टींवर होतात. जो माणूस वेळेवर पैसे देतो आणि ठरलेल्या शनिवारी येतो तो मुलांच्या आयुष्यात राहिला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, तुमचं त्याच्याशी कितीही बिनसलेलं असो. डिक्रीच्या सर्टिफाइड कॉपीच्या दोन-तीन नकला करून ठेवा, एक नवीन शाळेत द्या आणि मुलांना कोण कोण घ्यायला येऊ शकतं ती नावं लेखी द्या, त्यात बाबांचं नावही घाला.

प्रश्न : ताई, मी नागपुरात जरीपटक्याला राहतो. माझी आधीची बायको नोकरीसाठी नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन बंगळूरूला चालली आहे. माझी दर रविवारची भेट जाणार. वकील म्हणतात ऑब्जेक्शन घ्या. घेऊ का? (एक बाप)

उत्तर : दादा, रविवार जाणार म्हणून जीव तुटतोय ते कळतंय. पण कोर्ट तुमचा हक्क किंवा तिचा हक्क तोलत बसत नाही, मुलीचं हित बघतं, आणि नऊ वर्षांच्या मुलीला काय वाटतं हेही न्यायाधीश चेंबरमध्ये विचारू शकतात. तिला तिथे बघायला कोणी नाही, शाळेचा पत्ता नाही, नोकरी कच्ची आहे असं असेल तर जरूर अर्ज करा. पण नोकरी पक्की असेल, शाळा ठरलेली असेल आणि तुमचं दुखणं फक्त रविवारचं असेल तर हरकतीवर पैसे आणि दोन वर्षं घालवण्याऐवजी त्याच कोर्टात भेटींचं नवं वेळापत्रक मागा. सुट्टीत सलग पंधरा दिवस तुमच्या घरी, तिच्या वाढदिवसाला तुम्ही तिथे, शाळेचं प्रगतिपुस्तक आणि पालकसभेची तारीख थेट तुम्हालाही, हे आदेशात येऊ द्या. आणि ती जायच्या आधी तिच्या नव्या शाळेच्या फॉर्मवर वडील म्हणून तुमचा नंबर लिहिलाय ना, एवढं स्वतः बघून घ्या.