आधी उचलीचा हिशेब लिही

अंबाजोगाई

चि. लेकीस, अनेक आशीर्वाद.

तुझ्या ऊसतोड कामगारांवरच्या कादंबरीचं बाड पोचलं. सोबत लिहिलंयस, "सर, हात वळत नाही, आता पहिल्यापासून लिहायला घेते." म्हणून हे घाईनं लिहितोय. पहिल्यापासून घेऊ नकोस. नोकरी, बदल्या, बाळंतपण यात कादंबरी मागं पडली की ज्याला त्याला पहिलं प्रकरण पुन्हा लिहावंसं वाटतं, कारण तेवढंच पाठ असतं. मग ते गुळगुळीत होतं आणि सातवं आहे तिथंच राहतं. अशी देखणी पहिली प्रकरणं आमच्या गावात बऱ्याच कपाटांत आहेत.

तुझी भाषा कुठं गेलेली नाही. बाड वाचताना मला ती जागोजागी भेटली. गेलंय ते डोक्यातलं बारीकसारीक. कुणाला काय माहीत आहे, कुणाकडं किती देणं आहे, प्रसंग कोणत्या महिन्यातला आहे. लिहिणं चालू असतं तेव्हा हे सगळं आपोआप हाताशी असतं. मध्ये वर्षं गेली की पुसतं, आणि आपल्याला वाटतं प्रतिभाच आटली. तेव्हा आधी सगळं बाड दोन रात्रींत वाचून काढ. पेन जवळ ठेवू नकोस, नाहीतर स्वल्पविराम दुरुस्त करत बसशील.

मग २०१६ चं कॅलेंडर घेऊन बस. तुझी ऊसतोडीची टोळी कर्नाटकातून पाडव्याच्या आदल्या दिवशी गावी येते आणि त्याच रात्री पारावर लातूरला आलेल्या पाण्याच्या रेल्वेची चर्चा होते. त्या वर्षी पाडवा ८ एप्रिलला होता. मिरजेहून निघालेली पहिली गाडी लातूरला पोचली १२ एप्रिलला. ही चूक किरकोळ, चार-पाच दिवस इकडंतिकडं केले की संपली.

खरी अडचण पुढच्या हंगामात आहे. दसरा ११ ऑक्टोबरला होता, त्यानंतर टोळी निघते. ८ नोव्हेंबरला पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या. आणि टोळी नेणारा तुझा मुकादम नोव्हेंबरअखेर खुशाल हजाराच्या नोटा मोजतोय! बँकेत बसणाऱ्या मुलीनं हे लिहावं, याचं मला हसू आलं.

पण नोटांपेक्षा उसाकडं बघ. त्या सप्टेंबरअखेर मराठवाड्यात धो धो पाऊस झाला, म्हणून तू पुढची प्रकरणं सुखाची केलीस. अगं, त्या हंगामात तोडायचा ऊस लावायची वेळ होती २०१५ चा पावसाळा आणि त्यानंतरचा हिवाळा, म्हणजे ऐन दुष्काळ. लागणच कमी झाली. राज्यात २०१५-१६ ला ८४ लाख टनांच्या आसपास साखर झाली होती, २०१६-१७ ला ती ४२ लाखांच्या घरात आली. म्हणजे गावात विहिरीला पाणी आणि फडात ऊस नाही. कारखान्याचा पट्टा लवकर पडला, म्हणजे हंगाम आधीच संपला, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटली नाही, बाकी पुढच्या सालावर गेली. तुझं सातवं प्रकरण अडलंय ते इथं. नवरा-बायको का भांडतात हे तुलाच कळत नव्हतं, म्हणून तू त्यांच्या तोंडी भाषणं घातलीस.

ती भाषणं काढ आणि पट्टा पडल्यावरचा हिशेब लिही. कोपीसमोर, म्हणजे त्यांच्या झोपडीसमोर, मुकादम वही उघडून बसलाय. दोघं मिळून एक कोयता, म्हणून उचल दोघांच्या नावावर, पण अंगठा एकट्या नवऱ्याचा. खाडे, म्हणजे कामावर न गेलेले दिवस, किती धरले? बायको तापानं पडून होती ते दिवस धरले का? वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून आलेले पैसे कुणाच्या कनवटीला आहेत, आणि ते त्या वहीत यावेत की येऊ नयेत? एवढं ठरलं की ती काय बोलेल ते तुला शोधावं लागणार नाही. कदाचित ती काहीच बोलणार नाही.

पोराला आजीजवळ ठेवून ती निघते, तो प्रसंग तू आई व्हायच्या आधी लिहिलायस. आता तो कोरडा वाटेल. तूर्त त्याला हात लावू नकोस, समासात खूण कर. मला तर तो कोरडाच बरा वाटला.

रोज इतके शब्द वगैरे नेम तुला झेपणार नाही, मार्चअखेरीला तर मुळीच नाही. रविवारी दोन तास दार लावून बस, आणि उठताना एखादा संवाद अर्धा सोडून ऊठ. पाडव्याच्या सुमारास टोळ्या परततील तेव्हा गावी एक चक्कर मार. मोबाईल पिशवीत ठेव. "तेव्हा काय वाटलं?" असं विचारू नकोस, "खाड्याचे किती कापले?" असं विचार. बाकीचं ते आपणहून सांगतील.

हिशेबाचा प्रसंग झाला की तेवढाच पाठव. कागदावर पाठव. मोबाईलवर आता मला दिसत नाही.

तुझे
सर