बिगर-युरोपीयांना देशात येऊ न देण्याचं ‘गोऱ्यांचा ऑस्ट्रेलिया’ हे धोरण पंतप्रधान व्हिटलम यांनी १९७३ मध्ये एका झटक्यात संपवलं ना? मग तीन पिढ्यांत तिथला समाज इतका कसा बदलला?

एका झटक्यात अजिबात नाही. सिडनी-मेलबर्नला स्थायिक झालेली आपली मंडळीसुद्धा सगळं श्रेय व्हिटलमना देऊन मोकळी होतात, ते मला मुळीच पटत नाही.

हे धोरण ज्यावर उभं होतं त्या १९०१ च्या स्थलांतर कायद्यात रंगाचा उल्लेखच नव्हता. नको असलेल्या माणसाला अधिकारी ५० शब्दांचा उतारा वाचून दाखवायचा आणि त्यानं तो लिहून काढायचा. भाषा अधिकारी निवडणार. समोरच्याला इंग्रजी उत्तम येतंय असं दिसलं, की दुसरी एखादी युरोपीय भाषा काढायची. चुकला की कैद किंवा हद्दपारी. १९०९ नंतर या परीक्षेत एकही जण पास झाला नाही, कारण ती नापास करण्यासाठीच घेतली जायची. १९३४ मध्ये एगॉन किश या बहुभाषी पत्रकाराला चक्क स्कॉटिश गेलिकमधला उतारा घातला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं, म्हणजे हायकोर्टानं, या कायद्यापुरती ती युरोपीय भाषा नाही असं ठरवून त्याची शिक्षा रद्द केली.

ही परीक्षा १९५८ मध्ये मेन्झीस सरकारनं बंद केली. १९६६ मध्ये होल्ट सरकारनं बिगर-युरोपीयांसाठी नागरिकत्वाची १५ वर्षांची अट ५ वर आणली आणि शिकलेल्यांसाठी दार किलकिलं केलं. व्हिटलमनी वंशाचा निकष काढला, पण एकूण स्थलांतराला कात्रीही लावली. आशियाई माणसं मोठ्या संख्येनं आली ती त्यांच्यानंतर, पंतप्रधान फ्रेझर यांच्या काळात, व्हिएतनाम युद्ध संपल्यावर.

समाज सैल व्हायला लागला तो त्याही आधी. महायुद्धानंतर बाल्टिक देशांतून आणि पोलंडमधून आलेल्या निर्वासितांना दोन वर्षं सरकार सांगेल ते काम करावं लागे. डॉक्टरही मजुरी करत. मग इटालियन, ग्रीक आले. स्नोई पर्वतातल्या धरणांवर १९४९ ते १९७४ दरम्यान १ लाखाहून जास्त लोक राबले, त्यातले बहुतेक स्थलांतरित. त्यांची मुलं स्थानिकांच्या शाळेत शिकली, तिथेच त्यांची लग्नं झाली. २०२१ च्या जनगणनेत परदेशी जन्मलेल्यांमध्ये इंग्लंडखालोखाल भारतीय आहेत, ते या सगळ्यांच्या मागून आलेले.

मूलनिवासींना मात्र यात धरू नका, त्यांची लढाई वेगळी. आणि १९६७ च्या सार्वमतानं त्यांना मताधिकार मिळाला असं कोणी सांगितलं तर तेही चूक. केंद्रीय निवडणुकांतला मताधिकार त्या सगळ्यांना १९६२ मध्येच मिळाला होता.